कूस पालटणारा डॉक्टर

१९१७ सालची गोष्ट आहे. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात क्योनिग्जह्युटे नावाचे कोळशाच्या खाणींचे एक शहर होते. आज ते पोलंडमध्ये मोडते आणि त्याला खोझुव म्हणतात. तेथे खाणकामगारांसाठी अपघातांचे एक रुग्णालय होते. त्यात शाळा नुकतीच संपवलेला एक मुलगा मदतनीस म्हणून काम करीत होता. एके दिवशी एका तरुण, धडधाकट खाणकामगाराला तेथे आणण्यात आले. खाणीतील अपघातात त्याच्या पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे अंग लुळे पडले होते. मुलगा नेहमीप्रमाणे त्याची माहिती लिहून घेऊ लागला. तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितले की एवढे लिहिण्याचा त्रास घेऊ नकोस, हा माणूस थोड्याच आठवड्यांत जाणार आहे. तसेच झाले. पाच आठवड्यांत तो कामगार मरण पावला. पण तो मोडलेल्या कण्याने मेला नाही. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग आणि एकाच जागी पडून राहिल्यामुळे अंगावर झालेल्या जखमा यांतून विष रक्तात भिनले आणि त्याने त्याचा जीव घेतला.

त्या मुलाचे नाव होते लुडविग गुटमन. पुढे जगाने त्यांना पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धांचे जनक म्हणून ओळखले. त्यांच्या नावाचा उल्लेख आला की व्हीलचेअरवरचे खेळाडू, झेंडे आणि पदके आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु त्या पदकांच्या आधी त्यांनी एक साधे आणि कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे केले व इतरांकडून करून घेतले. ते काम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरलेल्या वेळी पालटणे. आपल्या धर्मग्रामात कितीतरी घरांत आजी-आजोबा, आईवडील किंवा एखादा तरुण मुलगा महिनोन्महिने अंथरुणावर आहे. म्हणून आज या माणसाची ओळख करून घेऊ या.

जन्म आणि शिक्षण

लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी सायलेशियातील टोस्ट या गावी एका धार्मिक यहुदी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब क्योनिग्जह्युटे येथे राहायला आले. १९१८ साली त्यांनी ब्रेस्लाऊ येथे वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि १९२४ साली डॉक्टरची पदवी मिळवली. ब्रेस्लाऊ म्हणजे आजचे पोलंडमधील व्रोत्स्लाफ. तेथे ऑटफ्रीड फोर्स्टर हे मज्जासंस्थेचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली गुटमन तयार झाले. फोर्स्टर स्वतः कामाला वाघ होते आणि सहकाऱ्यांकडूनही तशीच अपेक्षा ठेवत. रुग्णाला बारकाईने तपासायचे आणि कोणतीही गोष्ट नजरेतून सुटू द्यायची नाही, ही सवय गुटमन यांना तेथेच लागली.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि यहुदी डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन ब्रेस्लाऊमधील यहुदी रुग्णालयात गेले आणि १९३७ साली त्याचे वैद्यकीय संचालक झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर यहुद्यांची प्रार्थनामंदिरे, घरे आणि दुकाने जाळण्यात आली. हजारो पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडण्यात आले. त्या रात्री गुटमन यांनी आपल्या रुग्णालयात आदेश दिला की दाराशी येईल त्याला कोणताही प्रश्न न विचारता दाखल करून घ्यावे. चौसष्ट जणांना दाखल करून घेतले गेले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी चौकशीला आले. गुटमन त्यांना घेऊन एकेका खाटेजवळ गेले आणि प्रत्येकासाठी काही ना काही आजार पुढे करीत राहिले. चौसष्टपैकी साठ जण वाचले.

पुढच्याच महिन्यात त्यांना देश सोडण्याची वाट सापडली. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या एका मित्रावर उपचार करण्यासाठी नाझी सरकारनेच त्यांना लिस्बनला पाठवले. परतताना ते लंडनला उतरले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या तेथील एका संस्थेने त्यांची इंग्लंडमध्ये सोय केली. मार्च १९३९ मध्ये ते पत्नी एल्स आणि दोन लहान मुलांसह इंग्लंडला पोहोचले व ऑक्सफर्ड येथे राहू लागले. वय चाळिशीला टेकलेले, भाषा परकी, गाठीला पैसा नाही. जर्मनीत मोठ्या विभागाचा प्रमुख असलेला हा डॉक्टर आता एका प्रयोगशाळेत मज्जातंतूंच्या जखमांवर संशोधन करीत बसला.

न टळणारी जखम?

पुढची गोष्ट समजण्यासाठी त्या काळचे वैद्यकशास्त्र या जखमांकडे कसे पाहत होते, हे जाणून घ्यायला हवे.

आपण निरोगी माणसे रात्री झोपेतसुद्धा सारखी हालचाल करतो. एका बाजूला अंग अवघडले की झोप न मोडता कूस बदलतो. त्यासाठी आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण ज्याचे अंग लुळे पडले आहे त्याला अवघडल्याची जाणीव होत नाही, आणि झाली तरी हलता येत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये त्याची कातडी व मांस दाबले जाते. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, त्या जागेला रक्त मिळत नाही आणि काही तासांतच तेथील मांस मरू लागते. पुष्कळदा ही हानी आत, हाडाजवळ सुरू होते आणि वर कातडीवर उशिरा दिसते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू या जागा सर्वांत धोक्याच्या. याच जखमेला आपण बेडसोअर म्हणतो. शय्याव्रण हा तिचा मराठी प्रतिशब्द आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे थोर मेंदूतज्ज्ञ शार्को यांचे मत असे होते की मज्जारज्जूला इजा झाली की कातडीचे पोषणच बिघडते आणि त्यामुळे या जखमा होतात. म्हणजे त्या रोगाचाच एक भाग झाल्या. त्याच शतकात ब्राउन-सेकार या दुसऱ्या शास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते की लुळ्या पडलेल्या अंगावर दाब येऊ दिला नाही आणि ते स्वच्छ व कोरडे ठेवले तर जखमा होत नाहीत. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकात बेडसोअरचा दोष रोगाकडे न देता बहुतांशी परिचर्येकडे दिला होता. पण शार्को यांचा दबदबा मोठा होता. शिवाय त्यांचे मत सोयीचेही होते. जखम रोगामुळेच होणार असेल तर कोणालाच काही करावे लागत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक भेद नीट समजून घ्यावा लागे. काही गोष्टी अशा असतात की त्या तशाच घडणे भाग असते. काही गोष्टी घडतात खऱ्या, पण त्या न घडणेही शक्य असते. पुस्तकात हा भेद सोपा वाटतो. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी आपण सर्रास पहिल्या प्रकारात ढकलतो. एखादी गोष्ट दहा वेळा घडलेली पाहिली की अकराव्या वेळी ती घडणारच असे आपण धरून चालतो. मग ती टाळण्याचा प्रयत्न कोणी करीत नाही, आणि प्रयत्न न झाल्यामुळे ती खरोखरच घडते. कणा मोडलेल्या माणसांचे असेच झाले होते. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरण पावले. म्हणून दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हाही ते मरणारच, असे डॉक्टरांनी गृहीत धरले होते.

स्टोक मँडव्हिलचा वॉर्ड

१९४३ साली दोस्तराष्ट्रे युरोपात सैन्य उतरवण्याची तयारी करीत होती. त्यात कण्याला जखमा झालेले कितीतरी सैनिक परत येतील हे उघड होते. अशा सैनिकांसाठी एल्सबरी शहराजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात एक खास केंद्र काढायचे ठरले. मज्जातज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांनी त्याची जबाबदारी घेण्याविषयी गुटमन यांना विचारले. ज्या रुग्णांना कोणी हात लावायला तयार नाही त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड सोडून एका खेड्याजवळच्या रुग्णालयात जाणे म्हणजे आयुष्य वाया घालवणे, असे काही सहकाऱ्यांना वाटले. गुटमन यांनी होकार दिला. मात्र एक अट घातली. उपचार आपण आपल्या पद्धतीने करू, त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही. १ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्र सुरू झाले. त्या दिवशी वॉर्डमध्ये एकच रुग्ण होता.

मग दुसऱ्या रुग्णालयांतून एकेक रुग्ण येऊ लागला. त्यांची अवस्था दारुण होती. कित्येकांना कण्याच्या आधारासाठी छातीपासून खाली प्लास्टरमध्ये बंद करून ठेवले होते. प्लास्टर कापले की आत हाडापर्यंत गेलेल्या जखमा, पू आणि असह्य दुर्गंधी. अंगात ताप, रक्त कमी झालेले, आणि जगण्याची इच्छा संपलेली. गुटमन यांनी पहिल्यांदा ती प्लास्टरे काढून टाकली. आधारासाठी म्हणून केलेली ही व्यवस्थाच माणसाला आतून कुजवत होती.

त्यानंतर त्यांनी वॉर्डला एक शिस्त लावली. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी पालटायची. दिवसा आणि रात्रीही. आधी पाठीवर, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. वळवताना त्याला ओढायचे नाही, दोघातिघांनी मिळून उचलायचे. हाडांच्या जागा गादीला टेकणार नाहीत अशा रीतीने उशा लावायच्या. चादर कोरडी हवी आणि तिला सुरकुती नको. प्रत्येक वेळी कातडी नजरेखालून घालायची. लघवीची नळी पूर्ण निर्जंतुक पद्धतीने घालायची. या कामातही ते स्वतः जातीने लक्ष घालीत. जेवण सकस द्यायचे, रक्त कमी असेल तर रक्त चढवायचे.

यात नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. पेनिसिलिन त्या सुमारास हाती येऊ लागले होते आणि जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांना त्याचा लाभही झाला. परंतु दाबाखाली दडपलेल्या मांसाला पेनिसिलिन वाचवू शकत नाही. त्याला वाचवते ती दाब काढणारी दोन हातांची जोडी. हिशेब करून पाहा. एका रुग्णाला चोवीस तासांत बारा वेळा वळवायचे. वॉर्डात वीस रुग्ण असतील तर दिवसाला दोनशे चाळीस वेळा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

साहजिकच कर्मचारी कुरकुरले. हा जर्मन उच्चाराचा, आग्रही आणि तापट डॉक्टर सुरुवातीला अनेकांना नकोसा वाटला. मरणार असलेल्या माणसाला रात्री तीन वाजता झोपेतून उठवून वळवण्यात काय अर्थ, असा त्यांचा सवाल होता. गुटमन रात्रीअपरात्री वॉर्डात येत आणि कूस पालटली आहे की नाही हे स्वतः पाहत. हे काम एखाद्या दयाळू नर्सच्या मर्जीवर सोडून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी नर्स आणि ऑर्डर्ली यांच्या तुकड्या केल्या, पाळ्या ठरवल्या आणि जबाबदारी वाटून दिली. एक माणूस थकतो. पाळी लावलेली असली की थकलेल्याची जागा दुसरा घेतो.

हळूहळू फरक दिसू लागला. जुन्या जखमा भरू लागल्या. नव्याने येणाऱ्यांना जखमा होणे कमी झाले. ताप उतरले. कर्मचाऱ्यांनाही आपल्या कष्टांचे फळ दिसू लागले आणि कुरकुर थांबली. जी माणसे मरणार म्हणून सोडून दिली होती ती अंथरुणावर उठून बसली. रुग्ण त्यांना पपा म्हणू लागले. शिस्त कडक असली तरी आपल्या जगण्यावर या माणसाचा विश्वास आहे, हे त्यांना कळले होते.

जगवले, पुढे काय?

आता दुसरा प्रश्न उभा राहिला. ज्याला जगवले त्याने जगायचे कसे? गुटमन यांना रुग्ण नुसता जिवंत नको होता. तो कामाला लागलेला, घरी परतलेला आणि कर भरणारा नागरिक झालेला हवा होता. म्हणून रुग्णालयात सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन असे वर्ग सुरू झाले. शरीरात बळ आणि मनात उमेद यावी म्हणून खेळ सुरू झाले. प्रथम व्हीलचेअरवरचा पोलो झाला. तो फारच धसमुसळा ठरल्यामुळे पुढे नेटबॉल आला. तिरंदाजी मात्र सर्वांना मानवली, कारण तीत पायांची गरज नाही आणि दंड, खांदे व पाठ यांना चांगला व्यायाम होतो. ज्याच्या दंडांत बळ आहे त्याला खुर्चीत बसल्या बसल्या हातांवर जोर देऊन अंग उचलता येते आणि बैठकीवरचा दाब स्वतःच काढता येतो. म्हणजे आजवर जे काम नर्स करीत होती ते आता रुग्ण आपले आपण करू लागला.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर सोळा अपंग पुरुष-स्त्रियांची तिरंदाजी स्पर्धा झाली. १९५२ साली हॉलंडचे माजी सैनिक सहभागी झाले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ऑलिंपिकपाठोपाठ रोममध्ये तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले. त्यांच्या राहण्याच्या इमारतींना जिने होते, त्यामुळे इटालियन सैनिकांना त्यांना खुर्चीसकट उचलून वर न्यावे लागले. पोप जॉन तेविसावे यांनी या खेळाडूंना व्हॅटिकनमध्ये भेट दिली आणि गुटमन यांची तुलना आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कूबर्तां यांच्याशी केली. यहुदी म्हणून आपल्या मायदेशातून हाकलल्या गेलेल्या डॉक्टरचा तो सन्मान होता. रोमच्या या स्पर्धांना आज पहिले पॅरालिम्पिक मानले जाते.

१९७२ च्या स्पर्धा पश्चिम जर्मनीत हायडेलबर्ग येथे झाल्या. ज्या देशाने गुटमन यांना बाहेर घालवले होते त्याच देशात त्यांची चळवळ सन्मानाने पोहोचली. तेथे आपल्या सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले होते. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. गोळी लागण्याचा दिवस आणि पदकाचा दिवस यांच्यामध्ये सात वर्षे होती. कण्याला मार बसलेला कोणताही जवान अशा दिवसापर्यंत पोहोचतो तो आधी अंथरुणावरचे दिवस जखमांविना पार पडले म्हणून.

गुटमन यांना १९६६ साली ब्रिटनने सर ही पदवी दिली. १९७३ साली कण्याच्या दुखापतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकची ज्योत स्टोक मँडव्हिल येथेच पेटवण्यात आली.

आपल्या घरात

आता थोडे आपल्याविषयी. आजाऱ्यांच्या भेटीला घरोघर जाताना एक गोष्ट वारंवार दिसते. पाठीला जखम झाली आहे हे घरचे लोक दबक्या आवाजात सांगतात. कोणी ते नशिबावर सोडतो. कोणी सुनेकडे बोट दाखवतो. दोन्ही बरोबर नाही.

गुटमन यांच्या वेळेपेक्षा आज आपल्याला अधिक माहिती आहे. दोन तास हा आकडा सर्वांना सारखाच लागू पडतो असे आता मानत नाहीत. चांगली दाट फोमची गादी असेल आणि प्रकृती बरी असेल तर काही रुग्णांना थोडा अधिक वेळ चालतो. कातडी नाजूक असेल तर तेवढाही चालत नाही. किती वेळाने वळवायचे हे आपल्या डॉक्टरांना किंवा नर्सला विचारून ठरवावे. पण वळवणे सुटत नाही. भाड्याने आणलेली हवेची गादी उपयोगी आहे, तरी ती माणसाच्या हातांची जागा घेत नाही.

रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना हाडांच्या जागा उजेडात पाहाव्यात. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावर तो क्षणभर फिका झाला नाही, तर धोका सुरू झाला असे समजावे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तेथे काळपट-जांभळा रंग, गरमपणा, कडकपणा किंवा दुखरेपणा पाहावा. त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नये.

काही जुन्या सवयी सोडायला हव्यात. लाल झालेली जागा चोळू नये, त्याने आतले मांस आणखी दुखावते. तिला स्पिरिट लावू नये, कातडी कोरडी पडते. मध्ये भोक असलेली रबरी रिंग बसायला देऊ नये, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याऐवजी पोटरीखाली उशी लावून टाच अधांतरी ठेवावी. पूर्ण आडव्या कुशीवर सारा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन अंग थोडेसेच कलते ठेवावे. डोक्याकडची बाजू फार वेळ उंच ठेवली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. आडवी चादर अंगाखाली घालून दोघांनी उचलावे. मेणकापड थेट अंगाखाली नको. ओला डायपर वेळेवर बदलावा. आहारात डाळ, अंडी, मासे, दूध असे बळ देणारे पदार्थ पथ्यात बसतील तसे द्यावेत. कातडी फुटली, काळी पडली, वास किंवा पू येऊ लागला किंवा ताप आला तर घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपला माणूस रुग्णालयात असेल तेव्हाही हे लक्षात ठेवावे. लांबच्या मुक्कामात नर्सवर खूप रुग्णांचा भार असतो. आजाऱ्याला शेवटचे केव्हा वळवले, आता पुन्हा केव्हा वळवायचे, हे नम्रपणे विचारावे आणि शिकून घेऊन हातभार लावावा. नुसते खाटेजवळ बसून राहण्यापेक्षा ही सोबत अधिक मोलाची आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत शरीराचे सगळेच अवयव थकतात, तशी कातडीही थकते. तेव्हा सर्व काळजी घेऊनही जखम होऊ शकते. अशा वेळी ज्यांनी सेवा केली त्यांना दोष देऊ नये. परंतु बहुतेक जखमा टाळता येतात. आणि ज्या टळत नाहीत त्यांतल्या पुष्कळशा, सगळा भार एकाच माणसावर पडल्यामुळे टळत नाहीत.

गुटमन यांच्यापासून शिकायचे ते हेच. त्यांनी एका थोर मनाच्या नर्सचा शोध घेतला नाही. त्यांनी पाळी लावली. आपल्या घरांत मात्र अजूनही एक सून, एक मुलगी किंवा म्हातारी पत्नी दिवसरात्र एकटी हे सारे करते. मुलगे संध्याकाळी येऊन आईची विचारपूस करतात आणि टीव्हीसमोर बसतात. सेवेची महती सांगून त्या एकटीचे डोळे मिटत नाहीत. रात्री दोन वाजताची पाळी कोणीतरी घेतली तरच ती झोपू शकते.

म्हणून ज्या घरात कोणी अंथरुणावर आहे त्या घराने या रविवारी जेवणानंतर एकत्र बसावे. एक कागद घ्यावा. डावीकडे वेळा लिहाव्यात, उजवीकडे नावे. मुलग्यांची आणि नातवांचीही. घरात माणसे कमी असतील तर शेजाऱ्यांना सांगावे. दिवसातली एक पाळी घ्यायला कोणी ना कोणी नक्की तयार होईल. तो कागद खाटेजवळ भिंतीला लावावा आणि कूस पालटली की त्यावर खूण करावी. ते कसे करायचे हे ठाऊक नसेल तर आपल्या धर्मग्रामातील नर्स भगिनींना बोलवावे. एकदा दाखवून द्यायला त्यांना अर्धा तास पुरेल.